काळा चहा पिणारा ढोराचा डॉक्टर

ढोराच्या डॉक्टरला रोगी काही सांगत नाही आणि रोग्याचा मालक खरं सांगत नाही. बैलानं चार दिवसांपासून तोंडात काडी घेतलेली नसते, मालक म्हणतो सकाळपासून. म्हशीला गावातल्या दोन जाणत्यांनी आधीच काढे पाजलेले असतात, मालक शपथ घेतो की पाण्याशिवाय काही दिलं नाही. मग तोंडाचा वास घ्यायचा, शेण बोटावर घेऊन बघायचं, पोटाला कान लावायचा आणि अंदाज बांधायचा. असे अंदाज बांधत मी वर्धा जिल्ह्यातल्या निरनिराळ्या गावांत तीसेक वर्षं काढली. कागदावर मी पशुधन पर्यवेक्षक होतो, पण हा शब्द माझ्या बायकोलाही सलग म्हणता येत नसे. गावाला मी ढोराचा डॉक्टर.

या दिवाळी अंकाच्या संपादकांनी फोनवर बजावलं आहे की नोकरीतले हलकेफुलके किस्से द्या, दिवाळीत लोकांना रडवू नका. या वाक्यापायी मी आठवडाभर अस्वस्थ आहे. चारदा बसलो, चारदा कागद फाडले, मधेच उठून अंगणात फेऱ्या मारल्या. किस्से आहेत, नाहीत असं नाही. पण माझ्या नोकरीतला सगळ्यात मोठा हलकाफुलका किस्सा मी स्वतःच होतो, आणि त्याला गाव हसत असताना मला कसं वाटत होतं हे मी आजपर्यंत कुणाला सांगितलेलं नाही.

तरी एक देऊन टाकतो, म्हणजे संपादकांचं मन राहील. आर्वीकडच्या एका म्हाताऱ्यानं पोळ्याच्या आदल्या दिवशी बैल आणला. बैलाचं डावं शिंग झुंजीत मोडलेलं. मी जखम धुतली, औषध भरलं, पट्टी बांधली. म्हातारा हलेना. म्हणाला, "आता दुसऱ्याले बी बांधा." मी म्हटलं, दुसरं शिंग ठणठणीत आहे. तर म्हणतो, तोरणाखाली दोनी शिंगं सारखी दिसली पाहिजेत, नाही तर याच्याकडं पाहून लोक हसतील. मी खूप समजावलं. शेवटी चांगल्या शिंगालाही सरकारी पट्टी गुंडाळली. दुसऱ्या दिवशी त्या बैलानं दोन्ही पट्ट्यांना हिंगूळ लावून घेऊन पोळ्यात मिरवलं. तेव्हा मला ती म्हाताऱ्याची सनक वाटली होती. लोक हसतील याची धास्ती माणूस जनावराच्या वतीनंसुद्धा घेतो, हे मला नंतर कळलं.

आता मूळ गोष्टीकडे येतो.

एक्क्याण्णव-ब्याण्णव साल असेल. आर्वी तालुक्यात डोंगराच्या बाजूला माझा दवाखाना होता. एका गोठ्यातून बोलावणं आलं की म्हैस पान्हा चोरते. ज्यांनी गोठा पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. म्हशीच्या कासेत दूध असलं म्हणजे ते आपल्याला मिळतं असं नाही. पिल्लू तोंड लावतं, ढुशी मारतं, तेव्हा तिचं अंग सैल पडतं आणि दूध खाली उतरतं. त्याला पान्हा म्हणतात. पिल्लू मेलं की पुष्कळ म्हशी पान्हा चोरतात, कितीही ओढा, धार येत नाही. यावर एक जुनी रीत आहे. मेलेल्या रेडकाचं कातडं काढून मीठ लावून वाळवतात, त्यात कुटार, म्हणजे भुसा, भरतात, चार काटक्यांचे पाय करतात आणि दूध काढायच्या वेळी ते म्हशीपुढं आणून ठेवतात. म्हैस त्याला चाटते आणि दूध सोडते.

ही रीत मला माहीत होती. शिकताना वाचली होती, परीक्षेत चार मार्कांना लिहिलीही होती. पण त्या दिवशी जवळून पाहिलं. रेडकाचं कपाळ चाटून चाटून साफ गुळगुळीत झालं होतं, केस उरले नव्हते. मानेची शिवण उसवून कुटार बाहेर आलं होतं. म्हैस ते कुटारही चाटत होती, आणि मधेमधे हळू आवाजात हुंकारत होती, जसं पिल्लाला बोलावतात तसं. तरी दूध येत नव्हतं. मालक म्हणाला, आता ह्याच्यानं भागत नाही, सुई मारा. मी सुई मारली. माझं कामच होतं ते. दोनेक मिनिटांत कास भरली आणि बादलीत धार वाजू लागली. म्हैस अजून चाटतच होती.

मग रीतीप्रमाणं चहा आला, त्याच दुधाचा. मी कप हातात घेतला आणि मला तो तोंडाला लावता येईना. काही ठरवलं नव्हतं, मनात कुठलं तत्त्वबित्त्व नव्हतं. पोटात बरं नाही म्हणून कप परत केला. संध्याकाळी घरी जेवताना दुधाची वाटी दूर सरकवली. आठवड्यानं दही गेलं, महिन्यानं तूप. बायकोनं विचारलं, नवस बोललाय का? मी हो म्हटलं. खरं सांगण्यापेक्षा ते सोपं होतं.

आता पेपरात वाचतो की अशा माणसांना व्हीगन म्हणतात आणि पुण्या-मुंबईत त्यांची वेगळी हॉटेलं निघाली आहेत. तेव्हा हा शब्द माझ्यापर्यंत पोचायचा होता. आमच्याकडं मांस न खाणारे ढीगभर, त्यांना कोणी नावं ठेवत नाही. पण दूध न पिणारा गडी, आणि तोही ढोराचा डॉक्टर! म्हणजे लोकांना घरबसल्या तमाशाच मिळाला.

थट्टा वाईट नसायची, हे आधी सांगतो. मला कोणी शिव्या दिल्या नाहीत, वाळीत टाकलं नाही. नुसतं हसायचे. लग्नाच्या पंगतीत मठ्ठेवाला माझ्यापुढं आला की कोणीतरी ओरडायचं, डॉक्टरले नको, म्हशीची परवानगी नाई आनली. वांग्याची भाजी वाढली की शेजारचा विचारणार, वांग्याले जीव नसते का डॉक्टर, त्याच्यावर उपचार नाही केला? अधिक महिन्यात सासुरवाडीला धोंड्याच्या जेवणाला गेलो तर पुरणाच्या धोंड्यांवर तूप नको म्हटल्यावर सासूबाईंचा चेहरा उतरला, आणि मेहुण्यानं माझ्या ताटापुढं कडब्याची पेंढी आणून ठेवली. सगळं घर लोटपोट. मीही हसलो. जावयानं धोंड्याच्या दिवशी रुसायचं नसतं.

हिंगणघाटला महिन्याची मीटिंग असायची. एकदा एका सहकाऱ्यानं खोबऱ्याची वडी दिली. म्हणाला, खास तुमच्यासाठी, बायकोनं नुसत्या साखरेत केली आहे. मला इतकं बरं वाटलं की मी दोन खाल्ल्या. मग तो टेबलावर हात मारून म्हणाला, खवा होता, खवा! मेला का डॉक्टर? दिसतो तर जिवंत! मी नळावर जाऊन चूळ भरली, तोंड पुसलं आणि परत येऊन हसत बसलो. वडीचं मला फार काही वाटलं नाही. बायकोनं खास तुमच्यासाठी केली, हे मी खरं मानलं होतं, त्याचं वाटलं.

ज्याच्यावर हसतात त्यालाच माहीत असतं की विनोद मोजून चार-पाचच असतात. सांगणारा प्रत्येक जण मात्र आपल्यालाच तो पहिल्यांदा सुचला अशा थाटात सांगतो आणि मग तुमच्या तोंडाकडं पाहतो. हसलात तर डॉक्टर दिलदार. नाही हसलात तर, काय बुवा, गमतीचंही वाईट वाटतं यांना. आणि समजावून सांगायला गेलात तर कीर्तन सुरू झालं म्हणून लोक उठून जातात. म्हणून मी हसायला शिकलो. गाल आपोआप वर जायचे. कधीकधी कोणी काही बोलायच्या आधीच मी हसून मोकळा व्हायचो. घरी आलो की मात्र चिडचिड व्हायची, उगाच बायकोवर, उगाच भांड्यांवर. एकदा तिच्या मैत्रिणी आल्या होत्या, तेव्हा तीही बोलून गेली, आमच्या ह्यांचं काय, ह्यांना म्हैसच बायको करून द्यायला हवी होती. सगळ्या हसल्या. रात्री तिनं स्वतःहून विषय काढला आणि चुकलं म्हणाली. मी म्हटलं, त्यात काय. पण दोन दिवस तिच्याशी धड बोललो नाही, हेही खरं.

नव्याण्णव साली माझी बदली वडनेरपासून आत असलेल्या एका गावी झाली. गावाचं नाव लिहीत नाही, तिथली माणसं आहेत अजून. दवाखाना म्हणजे दोन खोल्या, एक कडुलिंब, आणि जनावर अडकवायचा लोखंडी खोडा. शंभर पावलांवर बस थांब्याला लागून बबनरावचं हॉटेल. सकाळी अर्धं गाव तिथं. मी पहिल्या दिवशी बिनदुधाचा चहा मागितला आणि बबनरावला नोकरीभराचा उद्योग मिळाला. मी रस्त्यावर दिसलो की तो आतूनच आरोळी द्यायचा, "डाक्टर साहेबाचा काळा!" आणि बाकड्यांवरून खसखस पिकायची. बबनराव वाईट नव्हता. माझ्यासाठी निंबाची फोड वेगळी काढून ठेवायचा, दुसऱ्या कोणाला द्यायचा नाही. त्यामुळं त्याच्यावर रागावताही यायचं नाही.

याच गावात द्वारकाबाई होती. नवरा बैलगाडीवरून पडून पाठीनं बसलेला, दिवसभर खाटेवर. हिच्या दोन म्हशी आणि गावात दुधाचा रतीब. वीसेक घरं आणि बबनरावचं हॉटेल, एवढ्यावर तिचा संसार. मी इतके गोठे पाहिले, पण इतका स्वच्छ गोठा क्वचित. कास धुवायला वेगळी बादली, पुसायला वेगळं फडकं. तिची एक सवय मला आवडायची. जनावराबद्दल ती खरं सांगायची. कधीपासून खात नाही, काय पाजलं, स्वतःची काय चूक झाली, सगळं. ढोराच्या डॉक्टरला असा मालक मिळणं म्हणजे सणच.

दोन हजार चारच्या पावसाळ्यात तिच्या मोठ्या म्हशीला दगडी झाली. म्हणजे कासेचा एक भाग सुजून दगडासारखा टणक होतो, दुधात गाठी येतात. वेळेत औषध दिलं तर बरं होतं. मी तीन-चार दिवस रोज तिच्या गोठ्यात जात होतो, सगळ्या गावाच्या देखत. मी सांगितलं होतं की औषध चालू असेपर्यंत या म्हशीचं दूध कोणाला द्यायचं नाही. तिनं ते दूध खरोखर उकिरड्यावर ओतलं. अर्ध्या घरांना जाऊन सांगितलं, आठ दिवस दूध भेटनार नाई, म्हैस बिमार हाय. दुसरी कोणी असती तर गुपचूप मिसळून मोकळी झाली असती.

त्याच आठवड्यातली एक सकाळ. पहाटे एका शेतावर गाय अडली होती. वासरू पोटात मेलेलं, आडवं. अशा वेळी हात खांद्यापर्यंत आत घालून वासराचे तुकडे करून काढावे लागतात. गाय वाचवायला दुसरा इलाज नसतो. दोन-अडीच तास लागले. गाय वाचली. मी साबणानं तीनदा हात धुतले तरी वास जात नव्हता. तसाच येऊन बबनरावच्या बाकड्यावर टेकलो. मला फक्त चहा हवा होता.

बबनरावनं आरोळी दिली. बाकड्यावर नवीन आलेले मास्तर होते, त्यांना माझी माहिती नव्हती, म्हणून सगळ्यांनी मिळून ती पुरवली. म्हशीची परवानगी झाली, वांगं झालं, कडबा झाला. मग एक जण म्हणाला, डॉक्टर, आज गायीचं पोरगं काढलं म्हनते, तिनं थँक्यू म्हटलं का तुमाले? हशा झाला. मास्तर तर चहा सांडेपर्यंत हसले.

आणि मी बोलून गेलो.

"हसा लेको. माझा हात कुठं कुठं जाते ते मले माहीत हाय. या गावच्या दुधात काय काय उतरून राह्यलं हे समजलं ना, तर तुमी बी उद्यापासून काळाच पेसान."

असा हशा उसळला की विचारू नका. बबनरावनं माझ्या पाठीवर थाप मारली. "डाक्टर बोलले रे!" तेरा वर्षांत पहिल्यांदा लोक माझ्यावर नाही, माझ्याबरोबर हसले. खोटं कशाला सांगू, मला फार बरं वाटलं. दवाखान्यात जाताना चाल बदलली होती. मी मनातल्या मनात ते वाक्य परत परत म्हणून पाहत होतो.

चार दिवसांनी ते वाक्य गावात फिरून वेगळंच झालं. डॉक्टर द्वारकाबाईच्या गोठ्यात रोज जात होते. डॉक्टर दूध पीत नाहीत. डॉक्टर म्हणाले या गावच्या दुधात घाण उतरते. आता यातून काय निघणार ते निघालं. द्वारकाबाईच्या म्हशीच्या दुधात पू असते, डॉक्टरनं सोता सांगतलं. म्हैस तोवर बरी झाली होती, मी स्वतः दूध तपासून चालू करायला सांगितलं होतं. ती कॅन घेऊन निघाली तर पहिल्या घरानं सांगितलं, आता नको. दुसऱ्यानं दार उघडलं नाही. पंधरा दिवसांत रतीब चार घरांवर आला. बबनरावही हिंगणघाटहून पिशवीचं दूध आणायला लागला.

मी हॉटेलात जाऊन सांगितलं, अरे बाबांनो, मी गंमत केली होती. कोणी मानेना. बबनराव डोळा मारून म्हणाला, नोकरी माणसाला सांभाळावी लागते, समजते आमाले. तेरा वर्षं मी जे खरं बोललो त्याला लोक हसले, आणि एकदाच गंमत केली ती मात्र त्यांनी खरी धरली. मी तिथून उठलो आणि दवाखान्यात येऊन नुसता इकडून तिकडं फिरत राहिलो.

द्वारकाबाई दवाखान्यात आली. तक्रार नाही, रडणं नाही. म्हणाली, साहेब, म्हैस निरोगी हाय असं लिहून द्या. मी लिहून दिलं, शिक्का मारला, सही केली. कागद पदराला बांधून ती घरोघरी फिरली. तिसऱ्या दिवशी परत आली आणि तो कागद माझ्या टेबलावर ठेवला. लोक कागद वाचतात, म्हणाली, आणि एकच विचारतात: मग डॉक्टर सोता काऊन पेत नाई? एवढंच तिनं सांगितलं. मला काही मागितलं नाही. उठताना फक्त बोलली की हिंगणघाटच्या बाजारातला दलाल येऊन म्हैस पाहून गेला.

दगडी होऊन गेलेली म्हैस, त्यात गावभर नाव खराब. ती दुधासाठी कोण घेणार? ती कापायलाच जाणार, हे मलाही माहीत होतं आणि तिलाही. त्या दिवशी मी जेवलो नाही. ज्या जनावरांपायी मी दूध सोडलं, त्यांच्यातलंच एक माझ्या जिभेपायी खाटकाच्या दारात चाललं होतं, आणि त्याच्यामागं एका बाईचं घर. दुसरा काही उपाय आहे का म्हणून मी पुष्कळ डोकं खाजवलं. गावसभा घ्यावी, वरून साहेब बोलवावा, बदली मागून निघून जावं. शेवटचा विचार मला सगळ्यात जास्त आवडला होता, हेही लिहून ठेवतो.

दुसऱ्या दिवशी सकाळची बस यायच्या आधी मी हॉटेलवर गेलो. द्वारकाबाईला कॅन घेऊन यायला सांगितलं होतं, कशाला ते सांगितलं नव्हतं. मी बबनरावला म्हटलं, हिच्या कॅनमधलं गिलासभर दूध उकळ. त्यानं विनोद करायला तोंड उघडलं आणि माझ्याकडं पाहून मिटलं. दूध उकळलं. मी उभा राहिलो, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो की हे द्वारकाबाईच्या मोठ्या म्हशीचं दूध आहे. आणि गिलास दोन्ही हातांनी घट्ट धरून प्यायलो. ओठाला साय लागली, ती हातानं पुसली. गिलास उलटा करून बाकड्यावर ठेवला.

वाटलं होतं, मळमळेल, भडभडून येईल. तसं काही झालं नाही. गोड लागलं. अगदी लहानपणी सिंदी गावातल्या आमच्या किराणा दुकानामागं आई द्यायची तसं गोड. हे मला आजही सगळ्यात जास्त टोचतं. वाईट लागलं असतं तर मला सोपं गेलं असतं.

मग टाळ्या झाल्या. "डाक्टर लाईनीवर आले!" "म्हशीनं माफ केलं!" कोणी माझ्या खांद्यावर हात टाकला, कोणी उचलायला निघालं. पोळ्याच्या बैलासारखं त्यांनी मला मिरवायचंच बाकी ठेवलं. सगळे इतक्या प्रेमानं हसत होते की मला पळून जावंसं वाटलं. गावात इतकी वर्षं राहून त्या सकाळी मी त्यांचा झालो, तोही हरून. मी हसलो. गाल तयारच होते.

रतीब आठवडाभरात परत सुरू झाला. दलाल रिकाम्या हातानं गेला. इथं गोष्ट संपली असती तर मी ती कौतुकानं सांगितली असती. पण दुसऱ्या दिवशी सकाळी बबनरावनं न विचारता माझ्यापुढं दुधाचा चहा ठेवला आणि सगळं बाकडं माझ्याकडं पाहू लागलं. मी एकदा प्यालो होतो, आता परत काळा मागितला तर लोक काय म्हणतील ते समजायला मास्तर व्हायची गरज नव्हती. मी तो चहा प्यालो. तिसऱ्या दिवशीही, चौथ्याही. त्या गावात पुढं दीड वर्ष होतो. दीड वर्ष रोज सकाळी एक कप, सगळ्यांच्या देखत. घरी एक थेंब नाही. घरी मी जो होतो तो हॉटेलात नव्हतो, आणि हॉटेलात जो होतो त्याचं घरी आल्यावर काय करायचं ते समजत नसे. बायको म्हणाली, सोडून द्या ना तो हॉटेलचा नाद. मी तिला सांगितलं की सोडता येत नाही. तिनं त्यावर गंमत केली नाही.

आणि थट्टा बंद झाली. एकदम बंद. आरोळी नाही, वांगं नाही, कडबा नाही. लोक माझ्याशी पीकपाण्याचं बोलायला लागले. कोणालाही वाटेल की बरं झालं. मला प्रत्येक सकाळी वाटायचं की आज तरी कोणी काहीतरी बोलावं.

एक गोष्ट मात्र माझ्या पोटात होती. ते वाक्य माझ्या तोंडचं होतं हे द्वारकाबाईला मी सांगितलं नव्हतं. तिला वाटत होतं की गावानं उगाच कंडी पिकवली आणि साहेबांनी वाचवलं. निदान मला तसं वाटत होतं. ती रस्त्यात भेटली की पदर सावरून नमस्कार करायची. मी मान खाली घालून पुढं जायचो. सांगायचं म्हणून दोनदा तिच्या गोठ्यापर्यंत गेलो आणि म्हशीची जीभ तपासून परत आलो.

दोन हजार सहामध्ये सेलू तालुक्यात बदली झाली. सामान आदल्या दिवशी गेलं होतं. मी पिशवी घेऊन बस थांब्यावर उभा होतो. सत्कार, नारळ सगळं होऊन गेलेलं, बबनराव गिऱ्हाइकात गुंतलेला. द्वारकाबाई कॅन रिकामा करून परत चालली होती, ती थांबली. कुठलं गाव, किती दूर, असं विचारलं. मग कॅन खाली ठेवून हळू आवाजात म्हणाली,

"तिकडं तुमाले कोनी वळखत नाई, साहेब. तिकडं काळाच पेजा."

ती म्हणाली, ज्या दिवशी गिलासानं पेले, त्या दिवशी सगळे तुमच्या तोंडाकडं पाहून हासत होते, मी तुमच्या हाताकडं पाहत होती. एवढं ऐकल्यावर मला राहवलं नाही. दूरवर बस दिसत होती. मी म्हटलं, द्वारकाबाई, दुधाबद्दलचं ते बोलणं दुसऱ्या कोणाचं नव्हतं. मीच बोललो होतो. याच बाकड्यावर.

"मालूम हाय मले," ती म्हणाली. "त्याच दिवशी मालूम झालतं."

"मग बोलल्या काऊन नाई? कागद मागायला आल्या, तेव्हाही नाही?"

तिनं कॅन उचलला, कमरेवर घेतला.

"तुमाले रोज हासत होते, साहेब. रोज. येखांद्या दिवशी माणूस बोलून जाते."

बस येऊन थांबली, कंडक्टरनं घाई केली, मी चढलो. खिडकीशी जागा मिळेपर्यंत ती वळून निघालीही होती. इतकी वर्षं ती मला नमस्कार करत होती आणि त्या दिवशी माझ्याकडून तिला करायचा राहून गेला. तो आज इथं करतो.